लांबचा मार्ग, थोडका वेळ

अंतर वाढले की प्रवासाचा वेळही वाढतो, हे प्राथमिक शाळेत शिकविले जाणारे गणित आहे. रस्त्यावर ते बहुधा खरे ठरते. विमान मार्गाच्या बाबतीत मात्र ते दर वेळी लागू पडतेच असे नाही. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हा प्रवास याचे बोलके उदाहरण होय.

पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो तिबेट, सायबेरिया व उत्तर ध्रुवप्रदेशावरून अलास्काकडे उतरतो. हे सर्वांत जवळचे अंतर सुमारे 12,400 किलोमीटर भरते. भिंतीवरील नकाशात हा मार्ग दिसत नाही; म्हणून वर्गात पृथ्वीगोल असणे अगत्याचे आहे. परंतु दोऱ्याच्या मार्गाने विमान जाईलच असे नाही. तिबेटचे पठार सरासरी 4,500 मीटर उंच आहे. विमानातील हवेचा दाब अकस्मात घटल्यास वैमानिकाला सुमारे 3,000 मीटरपर्यंत खाली यावे लागते. तेथे खाली यावयास जागाच नाही!

एअर इंडियाने डिसेंबर 2015 मध्ये ही थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमान पश्चिमेकडे, अटलांटिक महासागरावरून जात असे. हे अंतर सुमारे 13,900 किलोमीटर होते. ऑक्टोबर 2016 मध्ये विमान पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. अंतर सुमारे 15,300 किलोमीटर झाले. वेळ मात्र साडेचौदा तासांवर येऊन जवळजवळ दोन तास वाचले.

याचे कारण वाऱ्यात आहे. विषुववृत्ताकडील उष्ण व ध्रुवाकडील थंड हवा यांच्यातील तफावत आणि पृथ्वीचे परिवलन यांमुळे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुप्रवाह वाहतात. त्यांचा वेग पुष्कळदा ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक असतो. जपानी शास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून ते मोजले व 1926 साली निष्कर्ष एस्पेरांतो भाषेत प्रसिद्ध केले. साहजिकच ते फार थोड्यांनी वाचले.

विमानाचा वेग हवेच्या सापेक्ष असतो. पुराच्या धारेबरोबर जाणारी नाव आणि धारेविरुद्ध वल्हविली जाणारी नाव यांत जो फरक, तोच येथे. शिवाय इंधन जळते ते विमान हवेत असेल तितका वेळ; म्हणून दोन तासांची बचत ही खर्चाचीही बचत ठरते. परतीला हाच पॅसिफिक मार्ग धरला, तर तोच वारा समोरून येईल.

घड्याळाची गंमत निराळीच. उन्हाळी वेळेनुसार सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेबारा तास मागे असते. दिल्लीहून रविवारी पहाटे 4 वाजता निघून साडेचौदा तास उडालेला प्रवासी वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडतो आणि तेथे उतरतो, तेव्हा स्थानिक घड्याळात रविवारचेच सकाळचे 6 वाजलेले असतात.