प्रूफवर सही घेण्याआधी: तीन रंगांच्या प्रकाशाचा हिशोब

प्रिंटिंग, डिझाइन किंवा अल्बमच्या धंद्यात उतरायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "मशीन कोणतं घेऊ?" मी मात्र आधी उलट विचारतो, "रंग कोण ठरवणार आणि चुकला तर पैसे कोण भरणार?" व्हिडिओत हा विषय पाच मिनिटांत उरकावा लागला, म्हणून इथे नीट बसून बोलू.

आधी आकडे बघा. समजा मिठाईच्या ५,००० बॉक्सची ऑर्डर आहे. दर ८ रुपये, म्हणजे बिल ४०,०००. कागद, छपाई, पंचिंग, पेस्टिंग धरून खर्च बॉक्समागे साडेसहा रुपये, म्हणजे ३२,५००. तुमचे सुटतात ७,५००. आता पार्टी म्हणाली, "आमचा केशरी असा नाही, हा विटकरी झालाय." जॉब परत छापावा लागला. मिळाले ४०,०००, गेले ६५,०००. २५,००० चा खड्डा! तो भरायला तशाच तीन-साडेतीन ऑर्डरींचा नफा घालवावा लागतो. हे सगळं टाळणारा एकच कागद असतो, प्रूफ. आणि प्रूफ चांगला की वाईट, हे प्रकाश ठरवतो.

जुनी मंडळी हे कसं करायची?

आज फाइल थेट प्लेटवर जाते. पूर्वी चार रंगांच्या चार फिल्म निघायच्या: सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा. मशीनवर प्लेट चढवण्याआधी या फिल्मवरूनच प्रूफ काढावा लागे. ड्युपाँटची क्रोमॅलिन आणि थ्रीएमची मॅचप्रिंट या पद्धती त्यासाठी प्रसिद्ध होत्या. त्यांत अतिनील प्रकाश वापरून एकेक रंगाचा थर चढवला जाई.

दुसरी पद्धत फोटोग्राफीची, म्हणजे रंगीत फोटोच्या कागदावरच प्रूफ. आपल्याला शिकायचंय ते हिच्यातून.

रंगीत फोटो कागदावर तीन थर असतात. लाल प्रकाश पडला की सायन रंग तयार होतो, हिरव्याने मॅजेंटा आणि निळ्याने पिवळा. म्हणजे प्रत्येक प्रकाश आपल्या विरुद्ध रंगाला जागा करतो. एकच चित्र तीन फिल्टरमधून घेऊन रंग परत उभे करता येतात, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखवलं होतं. पाया तोच.

आता काम बघा. पूर्ण अंधारात कागद व्हॅक्यूम फ्रेममध्ये ठेवायचा. त्यावर सायनची निगेटिव्ह फिल्म पिनांवर बरोबर बसवायची आणि लाल फिल्टरमधून प्रकाश द्यायचा. मग मॅजेंटाची फिल्म, हिरवा प्रकाश. मग पिवळ्याची, निळा प्रकाश. आणि काळ्याची फिल्म? काळ्यासाठी तिन्ही रंग लागतात, म्हणून तीच फिल्म तिन्ही प्रकाशांत एकेकदा. फिल्म चार, एक्स्पोजर सहा. यातलं एक जरी चुकलं तरी प्रूफ खोटं बोलतो.

प्रकाश मोजायचा कसा?

एक्स्पोजर म्हणजे प्रकाशाचा जोर गुणिले वेळ. फिल्टरमागे किती वेळ दिवा ठेवायचा, हे अंदाजाने ठरत नाही. त्यासाठी पायऱ्यांची पट्टी असते, स्टेप वेज. तिच्यावर २१ पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीची घनता आधीच्यापेक्षा ०.१५ ने जास्त. म्हणजे दोन पायऱ्या गेल्या की प्रकाश निम्मा. २० सेकंदांऐवजी ४० सेकंद दिले तर निकाल दोन पायऱ्या पुढे सरकतो. डोळ्याला "जरा गडद वाटतंय" एवढंच कळतं. पट्टी मात्र किती सेकंद कमी-जास्त करायचे ते सांगते.

वेळ कमी पडला तर रंग फिका राहतो. जास्त झाला तर प्रकाश डॉटच्या कडेबाहेर पसरतो आणि डॉट फुगतो. चेहऱ्यावर डाग पडल्यासारखे दिसतात ते त्यामुळेच.

एवढ्यावर भागत नाही. ज्या गोष्टी गुपचूप बदलतात त्यांच्यावर नजर लागते:

- व्होल्टेज. फिलामेंटच्या दिव्याचं व्होल्टेज उतरलं की उजेड कमी होतो, शिवाय तो जास्त लालसर होतो. म्हणजे निळ्या फिल्टरमधून येणारा प्रकाश सगळ्यात जास्त घटतो. म्हणून दिव्याला स्टॅबिलायझर हवाच.
- अंतर. दिवा दुप्पट लांब नेला की उजेड चौथाई होतो. दिवा एकदा पक्का बसवला की हलवायचा नाही.
- फिल्टर. उष्णतेने जिलेटिन फिल्टर फिका पडतो. लाल फिल्टरमधून थोडा हिरवा गळायला लागला की शुद्ध सायनमध्ये मॅजेंटा मिसळतो.
- कागदाची बॅच. नवा डबा उघडला की चाचणी परत.
- केमिकल. फोटो कागदाच्या आरए-४ प्रक्रियेत डेव्हलपर ३५ अंश सेल्सिअसला ४५ सेकंद लागतो. तापमान घसरलं की प्रकाश बरोबर असूनही रंग चुकतो.

करडा रंग खोटं बोलत नाही

आता सगळ्यात उपयोगी गोष्ट. लाल-पिवळ्या चित्रात थोडा फरक पडला तर तो चटकन दिसत नाही. पण करड्या चौकोनात जराशी झाक आली तरी डोळ्याला टोचते. म्हणून तिन्ही प्रकाश देऊन आधी करडी पट्टी काढायची.

करडा लालसर दिसला तर काय कराल? बहुतेक जण म्हणतात, लाल प्रकाश कमी करू. चूक! लालसर म्हणजे सायन कमी पडलाय. सायन तयार होतो लाल प्रकाशाने. म्हणून लाल वाढवायचा. हिरवट दिसला तर हिरवा वाढवा, निळसर दिसला तर निळा. हे निगेटिव्ह पद्धतीच्या कागदासाठी. रिव्हर्सल कागदावर जिथे प्रकाश पडतो तिथला रंग जातो, म्हणून तिथे नियम बरोबर उलटा.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन फिल्टरची वेळ एकदम बदलली तर सुधारणा कशामुळे झाली ते कधीच कळणार नाही. प्रत्येक चाचणीच्या मागे तारीख, कागदाची बॅच आणि तिन्ही सेकंद लिहा. हा सल्ला फक्त डार्करूमचा नाही. दुकानातली जाहिरात, दर, ऑफर यांनाही तो तसाच लागू आहे.

आज याचं काय?

फिल्म गेल्या, तत्त्व गेलं नाही. लग्नाचा अल्बम फोटो कागदावर निघतो ना? तिथल्या डिजिटल मशीनमध्ये लाल, हिरवा, निळा लेसर किंवा एलईडी हेच काम करतो. सकाळी लॅबवाला आधी चाचणीची पट्टी काढून मशीनला वाचायला देतो, ती हीच चाचणी. लॅब निवडताना विचारा, "कॅलिब्रेशन कधी करता?" उत्तर अडखळलं तर दुसरी लॅब बघा.

ऑफसेटसाठी आता इंकजेट प्रूफ असतो. तिथेही करडा तपासा. सायन ५०, मॅजेंटा ४०, पिवळा ४० टक्के हा चौकोन चांगल्या आर्ट पेपरवर करड्याच्या जवळ यायला हवा. प्रत्येक प्रूफच्या कडेला हा चौकोन टाकायची सवय लावा, त्याला पैसे पडत नाहीत.

आता प्रकाश बघण्याचा

प्रूफ बरोबर काढला आणि पिवळ्या बल्बखाली दाखवला तर मेहनत वाया. दोन रंग एका दिव्याखाली सारखे आणि दुसऱ्याखाली वेगळे दिसू शकतात. याला मेटामेरिझम म्हणतात. साडीच्या दुकानात काठ दारात नेऊन बघतात ते उगाच नाही! छपाईत यासाठी डी-५० म्हणजे साधारण ५,००० केल्विनचा प्रकाश ठरलेला आहे. आयएसओ ३६६४ प्रमाणे बारकाईने तुलना करायची तर २,००० लक्स आणि नेहमीच्या पाहणीला ५०० लक्स. महागडं व्ह्यूइंग बूथ पहिल्या दिवशी लागत नाही. ५,००० केल्विनची, सीआरआय ९० च्या वरची ट्यूब आणि मागे करडा रंग दिलेला एक कोपरा, सुरुवातीला इतकं पुरे. भिंत गुलाबी असेल तर प्रूफही गुलाबी दिसेल.

सही कशी घ्यायची?

१. प्रूफ त्याच कोपऱ्यात दाखवा. व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवर रंगाची मंजुरी घेऊ नका, प्रत्येक मोबाइलचा रंग वेगळा.
२. कागद कोणता आणि लॅमिनेशन ग्लॉस की मॅट, हे प्रूफवर लिहा. मॅटखाली रंग थोडा दबतो, हे आधीच सांगा.
३. पत्रिका किंवा बॉक्स मंडपातल्या पिवळ्या उजेडात बघितला जाणार असेल तर तिथे कसा दिसेल तेही दाखवा.
४. सही आणि तारीख प्रूफवरच. एक प्रत तुमच्याकडे, एक मशीनमनसमोर.
५. प्रूफचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे दाखवा. ४०,००० च्या कामात ५०० रुपयांचा प्रूफ जड नाही. पार्टी नको म्हणाली तर तेही लिहून घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ छोटा आहे. ५०-४०-४० चा एक चौकोन छापून घ्या आणि तो तीन ठिकाणी बघा: दुकानातल्या दिव्याखाली, दारातल्या उन्हात आणि घरच्या पिवळ्या बल्बखाली. तिन्ही निरीक्षणं वहीत लिहा. पुढची ऑर्डर घेण्याआधी तुमच्या दुकानातला उजेड खरं बोलतो का, हे तुम्हाला कळलेलं असेल.