पाथरीचे कुळकर्ण आणि बीदरचे तख्त

हुमनाबाद हे वाहत्या रस्त्यांचे गाव आहे. पुण्याहून हैदराबादेस जाणारा मार्ग आणि बीदरहून कलबुर्गीस जाणारा मार्ग येथे एकमेकांस भेटतात. पश्चिमेस बसवकल्याण म्हणजे जुने कल्याणी, ईशान्येस बीदर, दक्षिणेस कलबुर्गी, अशा तीन किल्ल्यांच्या मधला हा मुलूख. बहामनी, बरीदशाही, निजामशाही आणि आदिलशाही या चारही सत्तांच्या फौजांना तो परिचयाचा होता. त्या काळच्या लढायांना सरसकट धर्माच्या लढाया म्हणण्याचा प्रघात पडला आहे. परंतु धर्मांतर आणि राजकारण यांची गाठ त्या काळी प्रत्यक्षात कशी पडत असे, हे पाहावयाचे असेल तर एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांची हकीकत पाहणे उपयुक्त ठरेल. ते घराणे म्हणजे अहमदनगरचे निजामशहा.

या हकीकतीचा आरंभ परभणी जिल्ह्यातील पाथरी या गावी होतो. महंमद कासिम फिरिश्ता या इतिहासकाराने ती सतराव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवली. पाथरीच्या कुळकर्ण्यांच्या ब्राह्मण घराण्यातील भैरव नावाच्या गृहस्थाचा मुलगा विजयनगरच्या मुलखात गेला होता. अहमदशहा बहामनी याने १४२२ ते १४३६ पर्यंत राज्य केले. त्याच्या सैन्याने विजयनगरवरील स्वारीत जे कैदी धरून आणले, त्यांत हा मुलगा सापडला. त्यास मुसलमान करण्यात आले, हसन असे नाव देण्यात आले आणि शाहजाद्याच्या सोबतीस ठेवण्यात आले. शाहजाद्याबरोबर तो फारसी व अरबी शिकला. बापाच्या ‘भैरव’ या नावाचा उच्चार शाहजाद्यास नीट साधेना, म्हणून त्याचे ‘बहरी’ झाले, असे फिरिश्ता सांगतो. पुढे मलिक हसन बहरी, निजाम-उल्-मुल्क, या नावाने दक्षिणेत जो गाजला तो हाच.

त्या मुलास आपला धर्म बदलावयाचा आहे काय, असे कोणी विचारले नव्हते. कैद्यास तसे विचारण्याची त्या काळी रीतच नव्हती. पण धर्माबरोबर त्याला आणखी एक गोष्ट मिळाली, आणि ती म्हणजे दरबारातील एक पक्ष. बहामनी दरबारात तेव्हा दोन तट होते. एक दक्खनी, म्हणजे या भूमीत रुजलेल्या मुसलमान सरदारांचा. त्यांच्या बाजूस हबशीही असत. दुसरा आफाकी, म्हणजे इराण व तुराण या देशांकडून आलेल्या परदेशी सरदारांचा. येथील धर्मांतरित मनुष्य साहजिकच दक्खनी तटात जाई. दोन्ही तट मुसलमान होते, तरीही त्यांच्यातील वैर पराकोटीचे होते.

बीदर शहरात आजही उभा असलेला मदरसा त्या वैराची आठवण देतो. इराणातील गिलान प्रांतातून आलेला ख्वाजा महमूद गावान हा बहामनी राज्याचा मुख्य वजीर झाला व १४७२ मध्ये त्याने हा मदरसा बांधला. सुभ्यांची फेरवाटणी करून त्याने मोठमोठ्या सुभेदारांचे बळ कमी केले. सुभेदारांना ते रुचले नाही. ओरिसाच्या राजास स्वारीचे आमंत्रण देणारे एक बनावट पत्र गावानच्या शिक्क्यानिशी तयार करण्यात आले, आणि १४८१ मध्ये सुलतानाच्या आज्ञेने त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला. या कटामागे मलिक हसनचे अंग होते, असे इतिहासकार सांगतात. गावानच्या जागी तोच राज्याचा कर्ता झाला. परंतु पाच वर्षांनी, १४८६ मध्ये, बीदरातच त्याचीही हत्या झाली. धर्म एक असूनही पक्ष वेगळा असला की रक्त सांडत असे.

मलिक हसनचा मुलगा अहमद याने १४९० मध्ये स्वतंत्र होऊन पुढे अहमदनगर वसविले. त्याचा मुलगा बुऱ्हाण हा लहान वयातच गादीवर आला. त्याच्या कारकीर्दीतील पाथरीचे प्रकरण तर या हकीकतीचा गाभाच म्हणावे लागेल. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. तेथील कुळकर्णी हे निजामशहांचे भाऊबंद. आपले मूळ गाव आपल्या ताब्यात असावे, अशी त्यांची व निजामशहाची इच्छा होती. म्हणून त्याहून अधिक वसुलाचा मुलूख घ्यावा आणि पाथरी द्यावी, असे बोलणे अहमदनगरहून लावण्यात आले. इमादशहाने नकार दिला आणि १५१८ मध्ये बुऱ्हाणच्या फौजेने पाथरी घेतली. पुढे ती काही काळ हातची गेली व पुन्हा जिंकावी लागली. अखेर बुऱ्हाणाने ते गाव आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम दिले व अकबराच्या काळापर्यंत ते त्यांच्याकडेच राहिले, असे फिरिश्ता नमूद करतो.

यातील गंमत अशी की, ज्या इमादशाहीशी हा झगडा झाला तिचा संस्थापक फतहुल्ला हाही मूळचा विजयनगरच्या मुलखातील ब्राह्मणाचा मुलगा. तोही लहानपणी असाच कैद होऊन मुसलमान झालेला. म्हणजे ब्राह्मण कुळांतून निघालेली दोन मुसलमान राजघराणी एका कुळकर्णासाठी रणांगणात उतरली होती! धर्म बदलला, नाव बदलले, पोशाख बदलला, आजोबांचे गाव मात्र विस्मृतीत गेले नाही. आणि आश्चर्य हे की, पाथरीच्या नातलगांनीही त्या नात्यास नकार दिला नाही. एका पंक्तीस बसून जेवण्याचा संबंध तुटला होता, पण वतनाचा व रक्ताचा संबंध दोन्हीकडून मान्य होता.

आता दुसऱ्या प्रकारचे धर्मांतर पाहावयाचे. ते कैद्याचे नसून सुलतानाचे होते, आणि इस्लामच्याच एका पंथातून दुसऱ्या पंथात होते. शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी जो खुत्बा वाचला जातो, त्यात कोणाची नावे घ्यावयाची यावरून राज्याचा पंथ ठरत असे. इराणात शाह इस्माईलने १५०१ मध्ये शिया पंथ राज्यधर्म केला. लगोलग १५०२ मध्ये विजापूरच्या यूसुफ आदिलशहाने शिया पद्धतीने खुत्बा वाचविला. त्याबरोबर बीदरच्या सुलतानास पुढे करून शेजारचे अमीर त्याच्यावर चालून गेले व त्यास काही काळ माघार घ्यावी लागली. चालून जाणाऱ्यांत बुऱ्हाणचा बाप अहमद निजामशहाही होता.

पुढे पारडे फिरले. विजापूरच्या गादीवर १५३४ मध्ये आलेल्या इब्राहिम आदिलशहाने सुन्नी पंथ स्वीकारला, परदेशी शिपाई कमी केले, दक्खन्यांना जवळ केले आणि राज्याचे हिशेब फारसीऐवजी देशभाषेत ठेवण्याचा हुकूम दिला. त्यायोगे ब्राह्मण कारकुनांचे वजन वाढले. म्हणजे खुत्ब्यातील नावे बदलली की फौजेतील माणसे बदलत आणि दप्तरातील भाषाही बदलत असे.

तिकडे अहमदनगरात शाह ताहिर नावाचा विद्वान इराणातून आला होता. बुऱ्हाणचा मुलगा अब्दुल कादिर फार आजारी पडला, तेव्हा ‘मुलगा बरा झाला तर बारा इमामांच्या नावे खुत्बा वाचवावा’ असे शाह ताहिरने सुचविले. मुलगा बरा झाला आणि १५३७ मध्ये बुऱ्हाण शिया झाला. शहरात बंड उसळले. पीर महंमद नावाच्या सुन्नी विद्वानाच्या मागे हजारो लोक किल्ल्याजवळ जमले. बंड मोडले, पीर महंमद कैद झाला. पुढे त्याची सुटका झाली ती शाह ताहिरच्याच रदबदलीने, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या बापाचा नवस खरा नव्हता, असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. पण विजापूरने काढून टाकलेले कसलेले परदेशी शिपाई नेमके याच सुमारास अहमदनगरास येऊन मिळाले आणि इराणच्या शहाशी सख्य जडले, हेही तितकेच खरे.

या धर्मांतराची झळ हुमनाबादच्या परिसरालाही लागली. बीदरच्या अली बरीदच्या दरबारी शाह ताहिर वकील म्हणून गेला असता त्याचा मान राखला गेला नाही. त्याचा सूड म्हणून बुऱ्हाणाने औसा, उदगीर व कंधार हे किल्ले घेतले, असे फिरिश्ता लिहितो. अली बरीदने मदतीच्या आशेने कल्याणीचा किल्ला विजापूरकरांस देऊ केला. तोच किल्ला पुढे बुऱ्हाणाने जिंकला, आणि तोही विजयनगरच्या रामरायाशी दोस्ती करून! शिया सुलतान आणि हिंदू राजा एका बाजूस, सुन्नी सुलतान दुसऱ्या बाजूस. ही धर्माची लढाई होती असे म्हणावे, तर ती कोणत्या धर्माची?

याच शतकात इतरत्र निराळे चित्र होते. जर्मनीत १५५५ च्या तहाने राजाचा पंथ तोच प्रजेचा पंथ ठरला. ज्यास तो मान्य नसेल त्याने घरदार सोडून जावे, एवढीच मोकळीक होती. गोव्यात पोर्तुगीज सत्तेने १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली आणि १५६० मध्ये इन्क्विझिशन बसविले. तेथे राजसत्तेने धर्मोपदेशकाच्या हातास हात लावला आणि त्यामुळे मनापासून झालेल्या धर्मांतरावरही संशयाची सावली पडली. दक्षिणेतील सुलतान प्रजेच्या बाबतीत निष्कलंक होते असे नव्हे. स्वाऱ्यांत देवळे पडली, कैदी बाटविले गेले. तथापि राजाने पंथ बदलला म्हणून पाथरीच्या अथवा कल्याणीच्या कुणब्यास आपला देव बदलावा लागला नाही. वसूल करणारा कुळकर्णी तोच राहिला.

या हकीकतीवरून एक गोष्ट स्पष्ट होते. धर्मांतराने मनुष्य कोणत्या गोटात गेला, हे तवारिखा सांगतात. त्याच्या अंतःकरणात काय झाले, हे त्या सांगू शकत नाहीत. गोटांचा हिशेब राजकारण ठेवते. अंतःकरणाचा हिशेब ठेवण्याचे साधन त्याच्याजवळ नाही, आणि जेथे जेथे राजसत्तेने तो ठेवण्याचा आव आणला, तेथे तेथे धर्म व राज्य दोन्ही डागाळली.

बीदरजवळ अष्टूर येथे अहमदशहा बहामनीची कबर आहे. ज्याच्या सैन्याने पाथरीच्या मुलास कैद केले तोच हा अहमदशहा. दरवर्षी होळीनंतर हिंदू पंचांगाप्रमाणे तेथे उरूस भरतो. त्या वेळी कलबुर्गी जिल्ह्यातून एक लिंगायत जंगम आपल्या भक्तांसह येतो आणि त्याच्या हस्ते पूजाविधी होतात. लिंगायत भाविक अहमदशहास अल्लमप्रभूंचे रूप मानतात. तवारिखांतील बादशहा लोकांच्या श्रद्धेत असा निराळाच होऊन बसला आहे. हा बदल कोणत्याही तलवारीने घडविला नाही, आणि कोणत्याही दरबाराने त्याचा हुकूम काढला नाही.