भोरड्यांच्या थव्याची मोजदाद

रब्बी ज्वारीचा दाणा चिकात आला की सोलापूर, अहिल्यानगर आणि मराठवाड्यातील शिवारांत भोरड्यांचे थवे उतरू लागतात. गुलाबी अंगाचा, काळ्या डोक्याचा हा पक्षी पळसमैना या नावानेही ओळखला जातो. तो आपल्याकडे वीण करीत नाही. मध्य आशियातून पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतो आणि एप्रिलपर्यंत परत जातो. थवा किती मोठा होता असे विचारले, तर बहुधा "लाखभर असतील" असे उत्तर मिळते. अशा उत्तरावरून राखणीला एक माणूस पुरेल की चार लागतील, हे काही ठरविता येत नाही.

ताटांत शिरलेल्या भोरड्या मोजण्याच्या फंदात पडू नये. पिकात बसलेले पक्षी अर्धेअधिक दिसतच नाहीत, शिवाय चरताना मागचे पक्षी उडून सतत पुढे जाऊन बसतात. थवा उडाला किंवा बाभळीवर, विजेच्या तारेवर टेकला की मोजावा. तारेवरचे काम सर्वांत सोपे. दोन खांबांमधील एका गाळ्यातले पक्षी मोजून तेवढ्याच दाटीने भरलेल्या गाळ्यांच्या संख्येने गुणावे. एका गाळ्यात १४० आणि असे सहा गाळे भरलेले असतील, तर सुमारे ८४० पक्षी झाले.

हवेतील थव्यासाठी ठोकळ्याची पद्धत वापरावी. प्रथम थव्याच्या एका कडेचे १० पक्षी खरोखर मोजावेत आणि त्यांनी आकाशाचा केवढा तुकडा व्यापला ते नजरेत धरावे. तसे १० तुकडे मिळून १०० पक्ष्यांचा ठोकळा होतो. मग असे किती ठोकळे बसविले म्हणजे सारा थवा झाकला जाईल, ते पाहावे. १८ ठोकळे बसले तर थवा १,८०० चा. येथे एक चूक हमखास होते. थवा कडेला विरळ व मध्ये दाट असतो, त्यामुळे कडेच्या ठोकळ्यावरून हिशेब केला तर संख्या कमी भरते. मध्यभागासाठी वेगळा, लहान ठोकळा धरावा. दाट थव्यात पुढच्या पक्ष्यांआड मागचे झाकले जातात, हेही ध्यानात ठेवावे. मोठ्या थव्यांचा अंदाज सरावलेल्या निरीक्षकांकडूनही बहुधा कमीच होतो.

नजर तयार करण्यासाठी घरचे सूप पुरते. त्यावर ज्वारीचे दोन-तीन चिमटी दाणे पसरावेत, पाच सेकंद पाहून आकडा सांगावा आणि मग दाणे मोजावेत. आठवडाभर रोज चार-पाच वेळा असे केले की आपला अंदाज कोणत्या बाजूला आणि किती चुकतो ते कळते. घरातील मुले यात मोठ्यांना सहज मागे टाकतात! मोबाईलवर थव्याचे छायाचित्र काढून, त्यावर चौकोन पाडून दोन-तीन चौकोनांतले पक्षी मोजले तरी पडताळा घेता येतो.

खरा घोटाळा मात्र वेगळाच आहे. एकच थवा सकाळपासून पाच जणांच्या शेतांत फिरतो आणि संध्याकाळी पाच थव्यांची चर्चा होते. गोफण फिरवून आपल्या रानातून हाकललेल्या भोरड्या शेजाऱ्याच्या शाळूवर जाऊन बसतात. म्हणून शिवारातील एकूण संख्या मुक्कामाच्या झाडांपाशीच मोजावी. सूर्यास्ताच्या सुमारास भोरड्या दाट बाभळवनात किंवा तशाच झाडीत एकत्र येतात. प्रत्येक दिशेला एक माणूस उभा करावा. पक्षी रांगेने येत असतील तर समोरून १० सेकंदांत किती गेले ते मोजावे व ओघ किती वेळ चालला ते घड्याळावर पाहावे. १० सेकंदांत १५० आणि ओघ चार मिनिटे, म्हणजे २४ वेळा १५०, अर्थात ३,६०० पक्षी. ओघ कमी-जास्त होत असल्याने दर मिनिटाला पुन्हा मोजून सरासरी घ्यावी.

आकडा एकच न लिहिता "३,००० ते ४,०००" असा लिहावा. सोबत तारीख, वेळ व पिकाची अवस्था नोंदवावी. मुक्कामावरची संख्या तेवढीच राहून आपल्या रानातली घटली, तर पक्षी फक्त बांध ओलांडून गेले आहेत असे समजावे. अशा वेळी शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून एकाच वेळी राखण केलेली बरी.

पक्ष्यांच्या संख्येवरून नुकसान काढू नये, कारण याच भोरड्या नाकतोडे व इतर किडीही खातात. नुकसानीसाठी शेताच्या चार कडा आणि मध्य अशा पाच ठिकाणी प्रत्येकी २० कणसे पाहून किती दाणे गेले ते नोंदवावे. कडेच्या ओळींना जास्त मार बसतो, त्यामुळे केवळ बांधावरून पाहिल्यास नुकसान फुगून दिसते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार या पक्ष्यांना मारण्यास मनाई आहे. म्हणून हाकलण्याचेच उपाय योजावेत आणि दाणा टणक होईपर्यंत दर तीन-चार दिवसांनी मुक्कामावरची मोजणी करावी.