आजोबांची वही आणि गल्लीतला फुटबॉल

संध्याकाळी साडेपाच वाजता नातवाने दाराशी उभे राहून "आजोबा, आम्हांला फुटबॉल शिकवा ना," असे म्हटले तर आपण काय उत्तर द्याल? बहुतेक जण म्हणतील, "अरे, मला कुठे येतो?" सांगलीत माझ्याकडे अनेक वर्षे रक्तदाबासाठी येणारे एक काका मात्र तसे म्हणाले नाहीत. वय ६७, टपाल खात्यातून निवृत्त. तरुणपणी कबड्डी खेळलेले, पण फुटबॉलला कधी पाय लावलेला नाही. त्यांनी लहान मुलांच्या प्रशिक्षकांसाठी लिहिलेले एक इंग्रजी मार्गदर्शक पुस्तक मागवले, शेजारी शब्दकोश ठेवून महिनाभर वाचले, दोनशे पानी वहीत मराठी टिपणे काढली आणि ती वही घेऊन ते माझ्यासमोर येऊन बसले. सोबत सूनबाई होत्या.

"मॅडम, आता तुम्हीच सांगा यांना. या वयात पळायचं असतं का?" सूनबाई म्हणाल्या.

"पळायचं कुठे लिहिलंय?" काका शांतपणे म्हणाले. "मी पुस्तक दोनदा वाचलंय."

आपल्याकडे खेळ म्हटले की कुस्ती, कबड्डी, खो-खो. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले, त्याचा अभिमान सातारा-सांगलीच्या घराघरांत आहे. फुटबॉल मात्र पन्नास किलोमीटरवरच्या कोल्हापूरचा. तिथल्या तालमींचेच फुटबॉल संघ असतात. तिथला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला राज्यभर शाळाशाळांत फुटबॉल खेळवला गेला आणि शाळांना चेंडूही मिळाले. गल्लीतल्या मुलांच्या पायात चेंडू आला. शिकवणारा माणूस काही चेंडूबरोबर येत नाही.

मग पुस्तकावरून शिकून शिकवता येईल का? मला त्यात नवल वाटले नाही. माझे माहेर साताऱ्याचे. वडिलांच्या कपाटात बडोद्याहून निघालेल्या, द. चिं. मुजुमदारांनी संपादित केलेल्या दहा खंडांच्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दोन जीर्ण खंड होते. त्यातली चित्रे पाहून त्यांनी आम्हां भावंडांना सूर्यनमस्कार घातले. चुका झाल्याच असतील, पण सवय लागली ती लागलीच.

काकांची तपासणी मी नेहमीपेक्षा बारकाईने केली. आपणही मैदानावर जाण्यापूर्वी ती करून घ्यावी. रक्तदाब व साखर आटोक्यात आहे का, चालताना छातीत जडपणा, धाप किंवा भोवळ येते का, एवढे पाहावे. यातले काही जाणवत असेल तर ईसीजी आणि पुढील तपासणी झाल्याखेरीज मैदान नको. नाडीचे ठोके मंद ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नाडी मोजून श्रमाचा अंदाज येत नाही. त्यापेक्षा बोलून पाहावे: पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येत असेल तर श्रम झेपत आहेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर अथवा ग्लुकोज ठेवावेच. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पाणी किती प्यावे हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. सांगलीचा एप्रिल-मे काय असतो हे मी सांगायला नको. आणि रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल तर एक गोष्ट घरातल्या सर्वांना ठाऊक हवी. डोक्याला चेंडू जोरात लागला किंवा पडून मार बसला, तर बरे वाटत असले तरी त्याच वेळी डॉक्टरांकडे जायचे.

काकांना मी एकच गोष्ट मना केली: थंड पायाने किक मारून दाखवणे. पोटरीचा स्नायू या वयात अशाच एका फटक्याने फाटतो. दाखवण्याचे काम एखाद्या मुलानेच करावे. काका हसले. पुस्तकातही तेच होते.

पहिले दोन आठवडे फसले. काकांच्या मनात त्यांच्या शाळेचा कवायतीचा तास होता. शिट्टी, एक रांग, पुढचा मुलगा चेंडू मारून मागे जाणार. चौदा मुले आली होती, ती सहावर आली. त्यांनी नातवाला कारण विचारले. तो म्हणाला, "आजोबा, आम्ही नुसते उभेच असतो."

ते घरी येऊन पुन्हा पुस्तक उघडून बसले. रांग लावू नका, लहान गट करा, कमी बोला, हे पहिल्याच प्रकरणात होते. वहीतही होते, त्यांच्याच अक्षरात. वाचलेले आणि लिहिलेलेसुद्धा मैदानावर शिट्टी हातात येताच विसरले जाते, हे त्यांनी मला फार प्रांजळपणे सांगितले. दुसऱ्या दिवसापासून वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटल्यांनी दोन छोटी मैदाने आखली गेली आणि चारास चार असे सामने सुरू झाले. पाच नंबरचा मोठा चेंडू बाजूला ठेवून आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी चार नंबरचा आणला. काका कडेला स्टुलावर बसून प्रत्येकाचा पाय चेंडूला किती वेळा लागतो, ते वहीत रेघा मारून मोजू लागले. ज्याच्या रेघा कमी, त्याला दुसऱ्या दिवशी लहान गटात घ्यायचे. तरुण प्रशिक्षकाला इतके निवांत बसणे जमत नसावे, असे माझे मत आहे. म्हातारपणाचा हा गुण आपण उगाच दोष मानतो.

मला डॉक्टर म्हणून सर्वांत मोलाचा वाटला तो सरावापूर्वीचा व्यायाम. सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी 'फिफा ११ प्लस किड्स' नावाचा पंधरा-वीस मिनिटांचा कार्यक्रम आहे. एका पायावर तोल सांभाळणे, एका पायावर उडी, हातांवर शरीर तोलणे, खांद्यावरून कोलांटी घेत पडणे असे सात व्यायाम, प्रत्येकाच्या पाच पायऱ्या. युरोपातील चार देशांत सुमारे ३,९०० मुलांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तो करणाऱ्या संघांत दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी आढळल्या. आठवड्यातून दोनदा केला तरी पुरतो. कोलांटीचे पान पाहून काका म्हणाले, "हे तर तालमीत वस्ताद पहिल्या दिवशी शिकवायचे. आधी पडायला शिक."

आता एक गोष्ट माझ्याविषयी. ती सांगायला जड जाते, पण सांगितलीच पाहिजे.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मी सहज मैदानावर गेले होते. चेंडूमागे धावताना दोन मुलांची डोकी एकमेकांवर आदळली. एक लगेच उठला. दुसरा, दहा वर्षांचा, काही क्षण बसून राहिला, मग उठून म्हणाला, "मी खेळतो." मी त्याचे डोळे पाहिले, नाव विचारले, वार विचारला, त्याने बरोबर सांगितला. मी म्हटले, "काही नाही, खेळू द्या." काका काही बोलले नाहीत. डॉक्टरांपुढे काय बोलणार? मुलगा आणखी दहा मिनिटे खेळला. रात्री त्याला दोन उलट्या झाल्या, डोके दुखू लागले. सीटी स्कॅन निर्दोष आला, देवाची कृपा. तरी दोन आठवडे त्याला उजेड, गोंगाट आणि अभ्यास सहन होत नव्हता.

पुढच्या भेटीत काकांनी वही माझ्यासमोर ठेवली. एका पानावर लाल शाईने अधोरेखित केलेले एक वाक्य होते: डोक्याला मार लागल्यावर शंका आली, तर त्या दिवशी मुलाला परत खेळवायचे नाही. त्याखाली काकांनी स्वतःचे लिहिले होते, 'कोणीही सांगितले तरी'. ती ओळ घटनेच्या आधीची होती की नंतरची, हे मी विचारले नाही.

मेंदूला बसलेल्या हादऱ्याची लक्षणे मिनिटभरात दिसतातच असे नाही. ती तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उमटतात. म्हणून आपण आजी-आजोबांनी पुढील चिन्हे लक्षात ठेवावीत: गोंधळल्यासारखे पाहणे, उत्तर उशिरा देणे, डोकेदुखी, चक्कर, मळमळ, एरवी नसलेली झोप किंवा चिडचिड. यांपैकी एकही दिसले की खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटका, हातापायात अशक्तपणा, मानेत तीव्र वेदना किंवा शुद्ध हरपणे, यांत क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. मान दुखत असेल तर मुलाला उगाच हलवू नये. एक-दोन दिवस विश्रांती, मग शाळा, आणि शाळा त्रासाविना जमू लागल्यावर टप्प्याटप्प्याने मैदान, तेही डॉक्टरांच्या संमतीने. डोक्याने चेंडू मारणे या वयात शिकवूच नये. अमेरिकेत २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते बंद झाले, इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून वगळले गेले.

सूनबाईंचा विरोध मावळला आहे. मैदानावर नेहमी दुसरे एखादे मोठे माणूस असावे, ही त्यांची अट काकांनी मान्य केली आणि मुलांच्या पालकांनी आळीपाळीने यायचे ठरवले. आता शनिवारी त्या स्वतःच पाण्याचा माठ घेऊन येतात.

काकांच्या वहीची झेरॉक्स मी साताऱ्याला वडिलांकडे पाठवली. ते ७९ वर्षांचे, दोन्ही गुडघे झिजलेले. घरासमोरच्या मोकळ्या जागेत मुले खेळतात, तिथे खुर्ची टाकून बसतात. परवा त्यांचा फोन आला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही बारीक अक्षर नीट दिसत नाही, तेव्हा डोक्याच्या दुखापतीचे पान मोठ्या अक्षरात पुन्हा लिहून पाठव, असे म्हणाले. मी विचारले, "आणि पडायला शिकवण्याचं पान?"

"ते नको," ते म्हणाले. "ते मला पाठ आहे."