किडनीची तपासणी: रक्ताच्या नमुन्याची खरी वेळ लिहिली का? नक्की बघा

आईला मुलासाठी किडनी द्यायची असते. डॉक्टर आधी एकच गोष्ट पक्की करतात, उरलेल्या एका किडनीवर आईचं भागेल का? नेहमीच्या क्रिएटिनीन तपासणीवरून फक्त अंदाज येतो. किडनीचं काम बरंच कमी झालं तरी क्रिएटिनीन नॉर्मल दिसू शकतं. म्हणून मोठ्या रुग्णालयात किरणोत्सारी औषध देऊन 'जीएफआर' मोजतात. किडन्या मिनिटाला किती रक्तद्रव गाळतात, तो हा आकडा. निरोगी तरुण माणसात तो साधारण १०० मिलिलिटरच्या आसपास असतो.

तपासणी कशी होते?

टेक्नेशियम डीटीपीए हे औषध मोजून शिरेत टोचतात. किडनी ते गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. नंतर साधारण २ ते ४ तासांच्या दरम्यान दुसऱ्या हातातून रक्ताचे नमुने घेतात. रक्तातलं औषध किती वेगाने कमी झालं, त्यावरून हिशोब होतो.

दोन तास थांबायचं कशाला?

कोरड्या रानात पाणी सोडलं की आधी जमीन पिते. तसंच हे औषध सुरुवातीला रक्तातून शरीरातल्या इतर पाण्यात पसरतं. तेव्हाची घट एकट्या किडनीमुळे नसते. किडनी फारच कमजोर असेल तर दुसऱ्या दिवशीही, २४ तासांनी नमुना घ्यावा लागतो.

वेळ चुकली तर?

शेवटचा नमुना ४ तासांनी घ्यायचा होता, पण घेतला २० मिनिटं उशिरा आणि कागदावर लिहिले ४ तासच. मग औषध लवकर संपल्यासारखं वाटतं आणि किडनी आहे त्यापेक्षा चांगली दिसते. उशीर झाला तरी चालतो, हिशोब खऱ्या वेळेवर करता येतो. खोटी वेळ मात्र चालत नाही.

हे लक्षात ठेवा

- सुई टोचल्याची आणि प्रत्येक नमुन्याची वेळ मोबाईलमध्ये टिपून ठेवा.
- टोचलेल्या जागी सूज आली किंवा औषध बाहेर आलं तर लगेच सांगा.
- अंगावर सूज किंवा पोटात पाणी असेल तर आधीच सांगा, आकडा चुकू शकतो.
- गरोदर असाल किंवा बाळाला दूध पाजत असाल तर सुई घेण्याआधी सांगा.

किरणांची भीती नको. मात्रा कमी असते आणि दर ६ तासांनी औषधाचा किरणोत्सार निम्मा होतो. फक्त अख्खा दिवस हाताशी ठेवून जा. दुपारची एसटी गाठायची म्हणून शेवटचा नमुना लवकर द्यायची घाई करू नका.