सिमकार्डाशिवायचा फोन

सप्टेंबर २००८मध्ये ॲपलने आयपॉड टचची दुसरी पिढी सॅन फ्रान्सिस्कोत सादर केली. किंमत २२९ डॉलरपासून पुढे. जाहिरातीचा सगळा भर गाणी आणि गेम्सवर होता. पण इलेक्ट्रॉनिक्सची जाण असलेल्या मंडळींचं लक्ष एका बारीकशा बदलाकडे गेलं. या आयपॉडला इअरफोन लावायच्या जागी आता मायक्रोफोनही चालत होता. गाणी ऐकायच्या साध्या पिनेवर दोन रेघा असतात. त्यामुळे तिचे तीन भाग पडतात: डाव्या कानाचा, उजव्या कानाचा आणि ग्राउंडचा. तीन रेघांच्या पिनेला चौथा भाग मिळतो, तो मायक्रोफोनचा. आधीच्या वर्षीच्या पहिल्या पिढीत ही सोय नव्हती. हौशी लोकांनी तिच्या खालच्या चार्जिंगच्या जोडणीत छोटे मायक्रोफोन बसवून पाहिले होते. आता २९ डॉलरचा माइकवाला इअरफोन घेतला की काम भागत होतं.

तेव्हापासून पुढची दोन-तीन वर्षं आयपॉड टच हा अमेरिकेतला सर्वांत स्वस्त ‘आयफोन’ ठरला. त्यावर आयफोन असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

आयपॉड टच आणि खरा आयफोन यांच्या आतल्या यंत्रणेत फार फरक नव्हता. पडदा त्याच आकाराचा, कार्यप्रणाली तीच, ॲप तीच. दुसऱ्या पिढीच्या आयपॉड टचचा प्रोसेसर ५३३ मेगाहर्ट्झवर चालायचा, तर त्याच वर्षीच्या आयफोन थ्रीजीचा ४१२वर. म्हणजे या एका बाबतीत स्वस्त वस्तूच सरस होती. आयपॉडमध्ये नव्हता तो कॅमेरा, जीपीएस आणि मुख्य म्हणजे मोबाईल टॉवरशी बोलणारी चिप. ती चिप आणि तिच्यासोबत येणारा मोबाईल कंपनीचा करार, याच दोन गोष्टींनी आयफोन महाग केला होता.

२००८ संपायच्या आत ब्रिटनच्या ट्रूफोन कंपनीने आयपॉड टचवरून बोलता येईल असं ॲप आणलं. ३१ मार्च २००९ रोजी स्काईपचंही तसं ॲप आलं आणि दोनच दिवसांत दहा लाख लोकांनी ते उतरवून घेतलं. त्यातल्या आयपॉडवाल्यांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. आयफोन थ्रीजी १९९ डॉलरला मिळायचा खरा, पण एटी अँड टी या मोबाईल कंपनीशी दोन वर्षांचा करार करावा लागे आणि त्याचा सर्वांत कमी हप्ता महिन्याला सुमारे ७० डॉलर होता. दोन वर्षांत १,६८० डॉलर, म्हणजे फोन धरून १,८७९. कर आणि एसएमएसचे पैसे वेगळे. इकडे स्काईपवर महिना २.९५ डॉलर भरले की अमेरिका आणि कॅनडातल्या कुठल्याही फोनवर मनसोक्त बोलता यायचं. लोकांनी आपल्याला फोन करावा म्हणून स्वतःचा नंबर हवा असेल, तर त्याचे वर्षाला साधारण ३० डॉलर. आयपॉड, इअरफोन, वर्गणी, नंबर, सगळं धरूनही दोन वर्षांचा खर्च चारशे डॉलरच्या आतच. विद्यापीठाच्या आवारात राहणाऱ्या विद्यार्थ्याला वसतिगृहात, वर्गात, ग्रंथालयात वायफाय फुकट मिळत होतंच. त्याने महिना ७० डॉलर कशासाठी भरायचे?

आवाज टॉवरशिवाय कसा जातो हे समजून घ्यायला हवं, कारण आज आपण रोज करतो ते व्हॉट्सॲप कॉलही याच रीतीने जातात. नेहमीच्या टेलिफोनच्या दर्जासाठी मायक्रोफोनमधून येणारा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजमापाचा एक आकडा होतो. या आकड्यांचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात. सेकंदाला असे पन्नास तुकडे पत्ता लावून इंटरनेटवर सोडले जातात. वाटेत काही मागेपुढे होतात, काही हरवतात. पलीकडचं यंत्र ते क्षणभर धरून ठेवतं, क्रमाने लावतं, हरवलेल्याची जागा अंदाजाने भरतं आणि मग ऐकवतं. हा प्रवास एका बाजूने १५० मिलिसेकंदांत उरकला, तर बोलणाऱ्याला काही जाणवत नाही. त्याहून बराच उशीर होऊ लागला की दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात. जुन्या पद्धतीत आवाजाच्या आकड्यांना सेकंदाला ६४ किलोबिट लागत. नव्या संकुचनाने ते काम याच्या कितीतरी कमी जागेत होऊ लागलं. म्हणून साध्या वायफायवरही बोलणं स्वच्छ येई, कधी कधी मोबाईलपेक्षा अधिक स्वच्छ.

उणिवा होत्या आणि त्या लहान नव्हत्या. वायफायच्या बाहेर पाऊल टाकलं की फोन मुका. दुसरी अडचण तर फोन या कल्पनेच्याच मुळावर येणारी होती: तो वाजायचा नाही. तेव्हाच्या कार्यप्रणालीत एका वेळी एकच बाहेरचं ॲप चाले. स्काईप बंद करून गेम उघडला की स्काईपही संपलं आणि येणारा कॉलही. जून २०१० मध्ये आयओएस ४ आली तेव्हा ॲप मागे चालू ठेवता येऊ लागली, पण दुसऱ्या पिढीच्या आयपॉडला ती सोय मिळालीच नाही. तिसरी उणीव सर्वांत गंभीर. अशा ॲपवरून ९११ हा आणीबाणीचा नंबर लागत नसे. आपली सेवा टेलिफोनची जागा घेणारी नाही, असं स्काईप स्वतःच बजावत असे.

पहिली उणीव दूर करायचा सर्वांत धाडसी प्रयत्न चीनमध्ये झाला. २०१०च्या उन्हाळ्यात शेंझेनच्या योशन कंपनीने ‘ॲपल पील ५२०’ नावाचं कव्हर बाजारात आणलं. आयपॉड टच त्यात सरकवला की खालची जोडणी बसायची. कव्हरमध्ये सिमकार्डाची जागा, टॉवरशी बोलणारी चिप आणि ८०० मिलिॲम्पियर-अवरची स्वतःची बॅटरी होती. किंमत ३८८ युआन. चायना युनिकॉम या मोबाईल कंपनीने आदल्या वर्षी करार न करता विकायला काढलेल्या ८ जीबी आयफोन थ्रीजीची किंमत होती ४,९९९ युआन! मात्र कव्हर चालवायला आयपॉड जेलब्रेक करावा लागे, म्हणजे ॲपलने घातलेली सॉफ्टवेअरची कुलपं तोडावी लागत. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत स्प्रिंटने झेडटीईचं ‘पील’ आणलं, पण ते सभ्य होतं. त्याने आयपॉडला फक्त चालतंफिरतं इंटरनेट दिलं. मला शेंझेनचं कव्हर जास्त महत्त्वाचं वाटतं. फोन म्हणजे संगणक अधिक रेडिओ, आणि ही दोन अंगं वेगवेगळ्या दुकानांतून विकत घेता येतात, हे त्याने हातात ठेवून दाखवलं.

कायदाही त्या सुमारास थोडा हलला. जुलै २०१० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने फोन जेलब्रेक करण्याला कॉपीराइट कायद्यातून सूट दिली. त्याआधी ऑक्टोबर २००९ मध्ये एटी अँड टीने आपल्या थ्रीजी जाळ्यावरून इंटरनेट कॉल करायला आयफोनवाल्यांना मुभा दिली होती. तोवर तसे कॉल फक्त वायफायवर चालत. म्हणजे यंत्र सक्षम होतं, जाळंही सक्षम होतं, नव्हती ती परवानगी. आयपॉडला मोबाईल कंपनीच नव्हती, त्यामुळे तिची परवानगी मागायचाही प्रश्न नव्हता. या सगळ्या खटाटोपाचं माझ्या लेखी हेच मोल आहे.

आपल्याकडे चित्र निराळं होतं. जून २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला आणि बाकीच्यांना मागोमाग यावं लागलं. जिथे मिनिटाला साठ पैशांत बोलता येतं आणि साधा नोकिया दीड-दोन हजारांत मिळतो, तिथे महागडा आयपॉड घेऊन त्याचा फोन करण्यात काहीच हशील नव्हतं. शिवाय नियम आडवे होते. १ एप्रिल २००२ पासून भारतात इंटरनेटवरून बोलायला परवानगी मिळाली, ती संगणकावरून संगणकावर किंवा परदेशातल्या फोनवर. भारतातल्या साध्या फोनवर नाही. बोस्टनमधल्या मुलीचा आयपॉडवरून केलेला कॉल साताऱ्यात आजीच्या लँडलाइनवर वाजू शकत होता, पण पुण्यातल्या नातवाला तसा कॉल करायला नियमांत जागा नव्हती. प्रत्यक्षात स्काईपवरून तसे कॉल लागत असत, पण १० नोव्हेंबर २०१४ पासून तेही बंद झाले. हा निर्बंध मला कधीच पटला नाही. त्यातून ग्राहकाचं कोणतंही रक्षण होत नव्हतं. अखेर २०१८ मध्ये वाट मोकळी झाली आणि बीएसएनएलने ‘विंग्स’ ही सेवा आणली: सिमकार्ड नाही, ॲपमध्येच दहा आकडी नंबर, वर्षाला १,०९९ रुपये. आयपॉडवाल्या अमेरिकी विद्यार्थ्याला जे २००९ मध्ये मिळालं, ते आपल्याकडे यायला नऊ वर्षं लागली.

पुढे चौथ्या पिढीच्या आयपॉड टचमध्ये मायक्रोफोन, कॅमेरे आणि व्हिडिओ कॉलसाठी फेसटाइम आलं. मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉड टच बंद केल्याचं जाहीर केलं. ५ मे २०२५ रोजी स्काईपही थांबलं.

आता आयपॉडची गरज नाही, कारण सिमकार्ड काढलेला प्रत्येक जुना स्मार्टफोन हा आयपॉड टचच आहे. दिवाळीच्या आवराआवरीत असा एखादा हाती लागला, तर भंगारात घालण्याआधी त्याला घरचं वायफाय जोडून बघा. ॲप चालत असतील तर आजीच्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात व्हिडिओ कॉलपुरता तो उत्तम चालेल. दोन पथ्यं मात्र पाळा. सुरक्षेचे अपडेट थांबलेल्या फोनवर बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप ठेवू नका. आणि घरातला एकमेव फोन म्हणून त्यावर विसंबू नका; ११२ हा आणीबाणीचा नंबर लावायची वेळ आली, तर सिमकार्ड असलेला, चार्ज केलेला फोन हाताशी हवा. बॅटरी फुगलेली दिसली तर तो फोन चालू करून पाहायच्या भानगडीत पडू नका, थेट ई-कचरा संकलन केंद्रात नेऊन द्या.