काळ्या कातळाची समुद्रातील भावंडे

शिरूरला घोड नदीच्या किंवा दौंडला भीमेच्या काठी काळा कातळ तुम्ही पाहिला असेल. हा बेसॉल्ट खडक. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर साचून थिजला. तो पुरवणारी भट्टी आज कोठे आहे? आपल्या पायांखाली नाही! साडेचार हजार किलोमीटरांहून दूर, हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली ती आहे, असे भूशास्त्रज्ञ मानतात.

हे कसे घडले? भट्टी खोलवर जवळजवळ एका जागी राहिली. तिच्यावरून भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकला. पेटत्या मेणबत्तीवरून कागद सरकवला तर डागांची रांग उमटते, तसेच हे. भारत पुढे गेल्यावर लाव्हा समुद्रतळावर ओतू लागला. पाण्यात तो चटकन थिजे, त्यावर नवा थर चढे. असा पर्वत वाढत जाऊन त्याचा माथा पाण्याबाहेर आला की बेट तयार होई.

जुने पर्वत थंडावत खाली खचतात. त्यांच्या माथ्यावर प्रवाळ वाढत राहतात. म्हणून मालदीव सपाट, तर तरुण रियुनियनचे शिखर तीन हजार मीटरांहून उंच आहे.

नकाशात मालदीव, छागोस, मॉरिशस, रियुनियन शोधा. या क्रमाने त्यांचे वय कमी होत जाते.